सल्ला सदर : सात सायटेशन्सचा निबंध आणि सतराचा एच-इंडेक्स

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी नाशिकमधील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूती व स्त्रीरोग विभागात सहायक प्राध्यापक आहे. गूगल स्कॉलरवर माझे ११ शोधनिबंध, १६४ सायटेशन्स (इतर लेखांत झालेले उल्लेख) आणि ६ हा एच-इंडेक्स (म्हणजे किमान सहा वेळा उल्लेखले गेलेले सहा निबंध) दिसतो. स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीवर तोच एच-इंडेक्स ४ आहे. निबंधनिहाय सायटेशन्स ९१, २२, १५, १२, ७, ७, ५, ३, २, ० आणि ० अशी आहेत. ९१ वेळा उल्लेखला गेलेला निबंध म्हणजे एकोणीस लेखकांनी मिळून केलेला पद्धतशीर आढावा असून त्यात माझे नाव अकरावे आहे. ज्या निबंधासाठी मी सर्वाधिक राबले, तो पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावामुळे नाशिकला पाठवलेल्या स्त्रियांना उपचार मिळेपर्यंत किती वेळ जातो, यावरचा आहे. त्याची मी पहिली लेखिका आहे, पण चार वर्षांत त्याला फक्त ७ सायटेशन्स मिळाली. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या रेफरल चिठ्ठीत ‘रक्तस्राव सुरू झाल्याची वेळ’ असा रकाना आला, एवढेच काय ते झाले. माझ्या बरोबरीच्या एका सहकाऱ्यांचे साठ निबंध आहेत आणि त्यांचा एच-इंडेक्स १७ आहे. पुढील महिन्यात सहयोगी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. विभागप्रमुखांना प्रत्येक निबंधावर आपले नाव हवे असते, सहकारी ‘तुम्ही माझे नाव घाला, मी तुमचे घालतो’ असे सुचवतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्कोपसची खात्री, पहिल्या लेखकाची जागा शिल्लक’ असे संदेश येतात. लग्नाआधीच्या नावाने प्रसिद्ध झालेले माझे दोन निबंध तर कुठे धरलेच जात नाहीत. माझे काम खरोखर इतके किरकोळ आहे का, आणि समितीपुढे ते कसे मांडावे?

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

लग्नाआधीच्या नावाने आलेले दोन निबंध कुठे धरले जात नाहीत, हे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. मी उत्तराला तिथूनच सुरुवात करते, कारण आपल्या साऱ्या अडचणींपैकी एवढी एकच अशी आहे की जिच्यावर आपण एकट्याने, कोणाच्याही परवानगीशिवाय काम करू शकता. शोधनिबंधांची सूची ठेवणाऱ्या यंत्रणा लेखकाला प्रामुख्याने आडनाव आणि आद्याक्षरे यांवरून ओळखतात. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव अशी रीत असल्यामुळे एका नियतकालिकात दोन आद्याक्षरे छापली जातात आणि दुसऱ्यात एकच. त्यातच लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, की एकाच स्त्रीच्या दोन किंवा तीन व्यक्ती होतात आणि प्रत्येकीच्या खात्यावर थोडी थोडी सायटेशन्स विखुरलेली राहतात. ज्या शाखेत स्त्रियांचे प्रमाण एवढे मोठे आहे, त्या शाखेत ही बाब क्षुल्लक मानता येत नाही. तरीही निवड समितीतील कोणी ती आपण होऊन विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यासाठी ओआरसीआयडी हा सोळा अंकी ओळखक्रमांक घ्यावा. तो २०१२ पासून उपलब्ध आहे, लेखकाला विनामूल्य मिळतो आणि नाव बदलले तरी बदलत नाही. त्यात दोन्ही नावे नोंदवून तेराही निबंध जोडावेत. गूगल स्कॉलरच्या खात्यात जुने निबंध स्वतःच शोधून घालता येतात. स्कोपसवर मात्र दोन लेखक-खाती एकत्र करण्याची विनंती पाठवावी लागते. हे करताना उलट बाजूनेही पाहावे. आपल्याच आडनावाच्या आणि आद्याक्षरांच्या दुसऱ्या कोणाचा मृदाशास्त्रावरचा किंवा अस्थिरोगावरचा निबंध आपल्या खात्यावर येऊन बसला असेल, तर तो काढून टाकावा. असा एक परका निबंध समितीतील एखाद्या सदस्याच्या नजरेस पडला, तर उरलेल्या साऱ्या यादीकडे तो संशयाने पाहू लागतो.

त्या दोन निबंधांची सायटेशन्स आपण दुसऱ्या पानावर १९ आणि ९ अशी दिली आहेत. ती मिळवली, की एकूण संख्या १९२ होते आणि उतरत्या क्रमाने मांडल्यास सातव्या क्रमांकाच्या निबंधाला ७ आणि आठव्यालाही ७ सायटेशन्स येतात. म्हणजे किमान सात वेळा उल्लेखले गेलेले निबंध सातांहून कमी नाहीत, पण किमान आठ वेळा उल्लेखले गेलेले आठ नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ७. नवे काहीही न लिहिता तो एका अंकाने वाढला. आता उलटे करून पाहा. आपण पत्रात दिलेल्या मूळ यादीतून ९१ वाला आढावा वगळला, तर एकूण सायटेशन्स १६४ वरून ७३ वर येतात, निम्म्याहूनही खाली. एच-इंडेक्स मात्र ६ वरून फक्त ५ होतो. एक आकडा एका मोठ्या निबंधाने फुगतो आणि दुसऱ्याला त्या निबंधाचे मोठेपण जवळजवळ दिसतच नाही. एकाच कामाविषयी दोन मापे इतके वेगळे सांगत असतील, तर त्यांपैकी एकालाही आपल्या योग्यतेचे माप मानून झोप घालवण्याचे कारण नाही.

एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. तिचे गुण आहेतच. एखादाच गाजलेला लेख किंवा न वाचल्या गेलेल्या लेखांची रास, या दोहोंनीही ती सहसा फसत नाही. परंतु तिला लेखकांचा क्रम कळत नाही, त्यामुळे एकोणीस जणांतील अकरावी व्यक्ती आणि पहिली व्यक्ती तिच्या लेखी सारखीच असते. तिला संशोधकाचे वय कळत नाही. ती कधी कमी होत नाही, म्हणून जो आधी सुरू झाला तो बहुधा पुढे दिसतो. बाळंतपण आणि लहान मूल यांत गेलेली वर्षे तिला दिसत नाहीत, हे प्रसूतिशास्त्राच्या विभागात तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये. शिवाय कर्करोग किंवा हृदयरोग या क्षेत्रांत लिहिणारे आणि एकमेकांचे उल्लेख करणारे संशोधक कितीतरी अधिक असल्याने तेथील आकड्यांशी प्रसूतिशास्त्रातील आकड्यांची तुलना करणेच चुकीचे ठरते. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील टिपणे आणि छपाईपूर्व मसुदे यांतले उल्लेखही धरते, तर स्कोपस निवडक नियतकालिकांपुरते पाहते. आपला ६ आणि ४ यांतला फरक तिथून आला आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र आकडा कोठेही लिहिताना तो कोणत्या सूचीवरचा आणि कोणत्या तारखेचा, हे शेजारी अवश्य लिहावे. सहकाऱ्यांचा १७ कोणत्या सूचीवरचा आहे, हे आपल्या पत्रात नाही; आणि ते शोधत बसू नये, असेही मी सुचवीन. त्यांच्या साठ निबंधांचा हिशेब समिती करील.

इम्पॅक्ट फॅक्टरविषयी आपण विचारलेले नाही, पण मुलाखतीत तो निघेलच. यूजीन गारफिल्ड यांच्या कल्पनेतून आलेला हा आकडा नियतकालिकाचा असतो. मागील दोन वर्षांत त्यात आलेल्या लेखांचे चालू वर्षात किती उल्लेख झाले, याला त्या दोन वर्षांतील लेखसंख्येने भागून तो काढतात. लासलगावच्या बाजार समितीत आज कांद्याचा सरासरी भाव काय निघाला, यावरून आपल्या ट्रॉलीतला माल कसा होता आणि त्याला काय मिळाले हे जसे कळत नाही, तसेच नियतकालिकाच्या सरासरीवरून त्यातल्या एका निबंधाविषयी काही कळत नाही. थोड्याच लेखांना पुष्कळ उल्लेख मिळतात आणि बाकीचे त्या सरासरीच्या खाली राहतात. व्यक्तीचे मूल्यमापन करताना हा आकडा वापरू नये, असे सॅन फ्रान्सिस्को येथे डिसेंबर २०१२ मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि जगभरच्या असंख्य संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. सायटेशन म्हणजे एका लेखकाने दुसऱ्या लेखकाचा केलेला उल्लेख. तो लेखकच करू शकतो. बाळंतपण करणारी परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, १०८ रुग्णवाहिकेतील डॉक्टर हे निबंध लिहीत नाहीत. त्यांनी आपल्या निष्कर्षानुसार हात हलवले, तरी त्याची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही. प्रसूतिशास्त्रात हे अंतर फार जुने आहे आणि दोन्ही दिशांनी आहे.

मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी वारंवार होणाऱ्या गर्भपातांवर गर्भाशयमुखाला टाका घालण्याची आपली पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, ती मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकात. आजच्या फूटपट्टीने पाहिले तर त्या मासिकाचे नाव सांगून कोणतीही समिती भारावणार नाही. तरीही तो टाका जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ‘शिरोडकर’ याच नावाने घातला जातो. आणि नावच रूढ झाल्यामुळे, त्याविषयी लिहिणाऱ्या पुष्कळांना मूळ लेखाचा संदर्भ द्यावा असेही वाटत नाही. वापर अफाट आणि त्या मानाने उल्लेख अपुरे, अशी ही स्थिती आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ऑकलंडचे. लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की मुदतपूर्व प्रसूती होऊ घातलेल्या स्त्रीला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वसनाचा त्रास कमी होतो. हा निबंध आज प्रसूतिशास्त्रातील सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या निबंधांत मोडतो. पुढे इतरांच्या चाचण्यांतूनही तेच दिसत गेले. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी ती इंजेक्शने द्यावीत असे ठामपणे सांगायला १९९४ साल उजाडले, आणि मधल्या काळात ज्यांना ती मिळायला हवी होती अशा बहुसंख्य स्त्रियांना ती मिळाली नाहीत. या विषयावरील चाचण्यांच्या एकत्रित आलेखाची आकृती कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून घेतली आहे. कागदावरचा उल्लेख आणि खाटेपाशी होणारा वापर यांत किती अंतर पडू शकते, हे त्यातून दिसते.

उल्लेख म्हणजे संमती, असेही नाही. पायाळू बाळाची प्रसूती नैसर्गिक मार्गाने करावी की ठरवून सिझेरियन करावे, यावरची २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली २०८८ स्त्रियांची चाचणी घ्या. तिने अनेक देशांतील प्रसूतीची पद्धत बदलली. तिच्यावर पुढे कडक टीका झाली. आणि त्याच मुलांच्या दोन वर्षांनंतरच्या तपासणीत मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतील विलंब यांबाबत दोन गटांत फरक आढळला नाही, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या बाजूने लिहिलेला लेख असो की तिचे दोष दाखवणारा, मोजणीत प्रत्येकाचा एकच गुण धरला जातो.

म्हणून आपल्या त्या निबंधाच्या सात सायटेशन्सची संख्या बाजूला ठेवा आणि ते सात लेख उघडून वाचा. सात लेख एका बैठकीत वाचून होतात, हा लहान आकड्याचा फायदाच समजा. आपला उल्लेख प्रास्ताविकातल्या पाच-सहा संदर्भांच्या घोळक्यात आला आहे, की कोणी आपली वेळ मोजण्याची पद्धत उचलली आहे, की आपले आकडे एखाद्या आढाव्याच्या तक्त्यात गेले आहेत, हे पाहा. पद्धत उचलली गेली असेल, तर तो एक उल्लेख घोळक्यातल्या वीस उल्लेखांहून मोलाचा आहे आणि मुलाखतीत तसे सांगता येते.

दोन तालुक्यांपुरते काम आहे म्हणून ते किरकोळ, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास गडचिरोलीतील दोन गावांचा होता, दोन तालुक्यांचाही नव्हे. त्यातील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि गरोदरपणापलीकडच्या स्त्रीआरोग्याकडे जगाला पाहावे लागले. आपल्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ग्रामीण भागातील १६२० स्त्रिया होत्या. गावपातळीवरच्या परिचारिकांनी रक्तस्राव टाळण्यासाठीच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. आणि रक्त अंदाजाने न ठरवता खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवजा चादरीत मोजले गेले. अशाच मापाच्या चादरीने रक्तस्राव लवकर ओळखून सर्व उपचार एकदम सुरू करण्याची मोठी चाचणी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. या दोन्ही चाचण्या प्रसूतीच्या खाटेपाशी घडतात. रक्तस्राव सुरू झाल्यावर घाट ओलांडून नाशिकला पोचेपर्यंत आणि पोचल्यावर रक्ताची पिशवी लागेपर्यंत काय होते, हा आपला प्रश्न त्यांच्या पुढचा आहे. समितीने विचारले की हा निबंध कोठे बसतो, तर हे उत्तर द्यावे.

रेफरल चिठ्ठीतील रकान्याला आपण ‘एवढेच काय ते झाले’ असे म्हणता. मी अनेक निवड समित्यांवर बसले आहे. एखाद्या उमेदवाराच्या निबंधामुळे एक सरकारी छापील कागद बदलला, असे मला फार क्वचित ऐकायला मिळाले. जुन्या आणि नव्या चिठ्ठीची कोरी प्रत मिळवा. बदल कोणत्या बैठकीत ठरला, तिथे आपला निबंध मांडला गेला होता का, याचे इतिवृत्त असेल तर त्याची प्रत मागा. नसेल तर तेव्हाच्या जबाबदार अधिकाऱ्यांकडून दोन ओळींचे पत्र घ्या. त्याच वेळी हातही आखडता ठेवा. त्या रकान्यामुळे किती माता वाचल्या, हे आपण मोजलेले नाही. त्यामुळे तसे सूचित करणारे एकही वाक्य लिहू नका.

मुलाखतीसाठी संपूर्ण यादी जोडाच, पण तिच्यावर एका पानाचे टिपण ठेवा आणि त्यात तीनच निबंधांविषयी लिहा. मुख्य निबंधाचा मजकूर साधारण असा असावा: ‘पेठ व सुरगाणा तालुक्यांतून प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावासाठी पाठवलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, रक्तस्राव सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतच्या विलंबाचे टप्पे या अभ्यासात वेगळे करून मोजले. अभ्यासाची आखणी, माहितीचे संकलन आणि पहिला मसुदा माझा. सांख्यिकी विश्लेषण सहलेखकांचे. अमुक तारखेपर्यंत गूगल स्कॉलरवर ७ उल्लेख, त्यांपैकी इतक्या लेखांत विलंब मोजण्याची हीच पद्धत वापरली आहे. निष्कर्षांनंतर रेफरल चिठ्ठीत रक्तस्राव सुरू झाल्याच्या वेळेचा रकाना समाविष्ट झाला; प्रत सोबत जोडली आहे.’ यात विशेषणे घालू नयेत. ९१ सायटेशन्सच्या आढाव्याबद्दलही तितक्याच सरळपणे लिहावे की एकोणीस लेखकांत आपला क्रम अकरावा असून आपण निबंधांची छाननी केली, किंवा जे काही केले असेल ते. ते न लिहिता एकूण १९२ हा आकडा ठळक अक्षरांत छापला आणि एखाद्या सदस्याने लेखकक्रम विचारला, तर पुढची सारी मुलाखत त्या एका प्रश्नाभोवती फिरेल.

लेखकक्रमाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अध्यापक पात्रतेच्या २०२२ च्या नियमांत पदोन्नतीसाठी तेच निबंध धरले गेले, ज्यांत उमेदवार पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक आहे. मूळ संशोधन, पद्धतशीर आढावा, मेटा-अ‍ॅनालिसिस आणि रुग्णमालिका चालत, एकट्या रुग्णाचा अहवाल चालत नसे आणि नियतकालिक ठरावीक सूचींपैकी एकीत असावे लागे. या कसोटीवर आपला ९१ सायटेशन्सचा निबंध बादच होतो आणि ७ चा टिकतो. २०२५ मध्ये नवी नियमावली आली आहे, म्हणून जाहिरातीत कोणत्या नियमांचा उल्लेख आहे ते पाहून मूळ राजपत्र वाचावे आणि आपल्या तेरा निबंधांपैकी कोणते कोणत्या कलमात बसतात, याचा तक्ता स्वतः करावा. विभागातल्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. ‘पबमेडमध्ये दिसतो, म्हणजे मेडलाइनमध्ये आहे’ हा समज आपल्या महाविद्यालयांत फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. मेडलाइन ही निवडक वैद्यकीय नियतकालिकांची सूची आहे; पबमेड या शोधसाधनात तिच्याबाहेरचेही पुष्कळ काही असते.

विभागप्रमुखांच्या नावाचा प्रश्न नाजूक आहे, कारण ते आपले वरिष्ठ आहेत आणि त्यांच्याच शिफारशीची आपल्याला गरज लागणार आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव सहभाग, मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात, आणि विभागाची सर्वसाधारण देखरेख एवढ्यावर कोणी लेखक ठरत नाही. नकार देण्यापेक्षा काम देणे हा मार्ग मी सुचवीन. पुढील अभ्यासाची रूपरेषा नीतिमत्ता समितीकडे जाण्याआधीच सरांकडे न्यावी आणि ‘सर, आखणीत आपले मार्गदर्शन हवे आहे, मसुद्यावरही आपल्या हातच्या दुरुस्त्या हव्यात, म्हणजे लेखक म्हणून आपले नाव नियमाने येईल’ असे म्हणावे. त्यांनी ते केले तर प्रश्नच मिटतो. न केल्यास ऋणनिर्देशात त्यांचे नाव आदराने घालता येते, आणि नियतकालिक सहभागाचा तपशील मागतेच, त्याकडे बोट दाखवता येते.

असे नाव केवळ शोभेचे असते, असे त्यांना वाटत असेल तर लंडनमधील १९९४ ची घटना त्यांना ठाऊक असण्याची शक्यता आहे. माल्कम पिअर्स या प्रसूतितज्ज्ञाने गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ गर्भाशयात आणून पूर्ण दिवसांची प्रसूती झाल्याचा अहवाल ब्रिटनमधील प्रसूतिशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध केला. तशी रुग्ण अस्तित्वातच नव्हती. सहलेखक म्हणून जेफ्री चेंबरलेन यांचे नाव होते. ते त्या नियतकालिकाचे संपादक आणि तिथल्या रॉयल कॉलेजचे अध्यक्षही होते. बनावट त्यांनी केली नव्हती, पण जे काम आपण पाहिले नाही त्यावर त्यांचे नाव होते. पिअर्स यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली आणि चेंबरलेन यांना दोन्ही पदे सोडावी लागली.

सहकाऱ्यांच्या नावांच्या अदलाबदलीला मात्र सरळ आणि तोंडी ‘नाही’ म्हणावे. कारणांचा पाढा वाचू नये. त्यांच्याबरोबर खरोखर एखादा अभ्यास करता येत असेल तर तसा प्रस्ताव द्यावा. शहरात अधूनमधून ‘जगातील आघाडीचे दोन टक्के शास्त्रज्ञ’ असे अभिनंदनाचे फलक लागतात, त्यांचा आपल्यावर दबाव येत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी स्कोपसच्या माहितीवरून केलेल्या त्या यादीत स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वेगळे काढून दाखवलेले असतात आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या क्रमांकावर लिहिलेल्या निबंधांचा वेगळा विचार केलेला असतो. फलक छापणाऱ्यांना हे ठाऊक असते की नाही, कोण जाणे.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांना उत्तर देऊ नका, चौकशीपुरतेही नाही. विकत घेतलेला निबंध पकडला गेला की तो सूचीतून नाहीसा होत नाही; मागे घेतल्याचा शिक्का बसून तो आपल्या नावासह कायम तिथेच राहतो. शिवाय ‘स्कोपसमध्ये आहे’ हे विधान ज्या वर्षी खरे असते त्याच्या पुढच्या वर्षी खोटे ठरू शकते, कारण नियतकालिके त्या सूचीतून वगळलीही जातात. कोणत्याही नियतकालिकाची स्थिती त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर न पाहता स्कोपसच्या स्रोतसूचीत पाहावी.

वेळेचा हिशेब असा ठेवावा. स्कोपसवरील खाती एकत्र होण्यास काही दिवस, कधी काही आठवडेही जातात, म्हणून ती विनंती याच आठवड्यात पाठवावी. बदल मुलाखतीपर्यंत दिसला नाही, तर विनंतीची पोच आणि त्या दोन निबंधांची पहिली पाने, विवाहानंतरच्या नावबदलाच्या राजपत्राच्या किंवा प्रतिज्ञापत्राच्या प्रतीसह, अर्जाला जोडावीत.